चित्रपटात गाजलेलं जुनं गाणं वापरायचं असेल तर: हक्क, पैसा, मिक्सिंग

रिळवाला

लघुपटांच्या धाग्यावर "सात सेकंदांपर्यंत गाणं फुकट वापरता येतं" हे वाक्य पुन्हा एकदा अवतरलं आणि त्याला चार जणांनी +१ देऊन टाकलं. तिथे अवांतर नको म्हणून हा वेगळा धागा.

सात सेकंद, तीस सेकंद, एक कडवं असा कुठलाही आकडा आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात नाही. कलम ५२ मध्ये सवलती आहेत, पण त्या खासगी वापर, समीक्षा, चालू घडामोडींचं वार्तांकन अशा कामांसाठी. कथाचित्रपटात चहाच्या टपरीवर वाजणारं गाणं त्यात कुठेच बसत नाही. त्याच कलमात पार्श्वभूमीला सहज येणाऱ्या गोष्टींना एक सूट आहे आणि लोक हमखास तिचा दाखला देतात. ती सूट चित्र, शिल्प, छायाचित्र अशा कलाकृतींपुरती आहे. भिंतीवरचं कॅलेंडर सुटेल, त्याच भिंतीशेजारी वाजणारा रेडिओ सुटणार नाही.

दुसरी गोष्ट, आणि सगळा घोळ इथेच होतो. 'गाणं' म्हणून आपण जे ऐकतो त्यात कायद्याच्या दृष्टीने तीन वेगळ्या मालमत्ता असतात: शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण. कायद्यातल्या संगीतकृतीच्या व्याख्येतून शब्द मुद्दाम वगळलेत, त्यामुळे कवी आणि संगीतकार यांचे हक्क वेगवेगळे मोजायचे. मूळ रेकॉर्ड वाजवायची असेल तर तिन्ही परवानग्या हव्यात. नट नुसतं गुणगुणणार असेल तर ध्वनिमुद्रणाची लागत नाही, शब्द आणि चालीची लागतेच. 'ग्रॅव्हिटी'मध्ये (२०१३) अंतराळवीर 'मेरा जूता है जापानी' गुणगुणतो आणि 'डेडपूल'मध्ये (२०१६) तेच गाणं मूळ मुद्रणात वाजतं. गाणं एकच, पण मागायच्या परवानग्या वेगळ्या.

तिसरी घंटा

धागा वेळेवर काढलात. हिंदी-मराठी चित्रपटगीतांच्या बाबतीत तिन्ही मालमत्ता बहुतेकदा एकाच दारात मिळतात, एवढी भर घालतो. २०१२ च्या दुरुस्तीआधीच्या कायद्यानुसार निर्मात्याने पैसे देऊन करवून घेतलेल्या गाण्याचा पहिला मालक निर्माता, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये सांगितलं. निर्माते ते हक्क रेकॉर्ड कंपनीला देऊन मोकळे व्हायचे. म्हणून एचएमव्हीचा जुना साठा आज सारेगामाकडे आहे आणि पुष्कळ चित्रपटगीतांचं काम एका पत्रात होतं.

भावगीतांचं तसं नाही. कविता आधी संग्रहात छापलेली, चाल नंतर लावलेली, रेकॉर्ड तिसऱ्याच वर्षी निघालेली. कंपनीने ध्वनिमुद्रणाची परवानगी दिली म्हणजे कवीच्या वारसांनीही दिली, असं धरून चालू नका.

मुखत्यार

मुदतीचा हिशोब एकदा नीट मांडतो, कारण "जुनं आहे म्हणजे फुकट आहे" हा सात सेकंदांचा सख्खा भाऊ.

शब्द आणि चाल: कर्ता गेला त्याच्या पुढच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून ६० वर्षं. ध्वनिमुद्रण: पहिल्यांदा प्रकाशित झालं त्याच्या पुढच्या १ जानेवारीपासून ६० वर्षं. म्हणजे १९६४ साली निघालेली रेकॉर्ड १ जानेवारी २०२५ ला मोकळी झाली. पण मोकळं झालं ते फक्त ध्वनिमुद्रण. गदिमा १९७७ मध्ये गेले, त्यांचे शब्द २०३७ अखेरपर्यंत संरक्षित. बाबूजी (सुधीर फडके) २००२ मध्ये गेले, त्यांच्या चाली २०६२ अखेरपर्यंत. रेकॉर्ड १९६० ची असली तरी उपयोग नाही.

उलट बाजू नाट्यसंगीताची. 'स्वयंवर'ची पदं खाडिलकरांची, ते १९४८ मध्ये गेले. चाली भास्करबुवा बखल्यांच्या, ते १९२२ मध्ये गेले. शब्दही मोकळे, चालीही मोकळ्या. १९३० च्या दशकातल्या तबकड्यांची मुदतही कधीच संपली. पिरियड फिल्म करणाऱ्याला याहून स्वस्त आणि अस्सल संगीत मिळणार नाही. मात्र एखाद्या कंपनीने साफ करून पुन्हा काढलेली आवृत्ती घेतलीत तर ती कंपनी आपला वेगळा हक्क सांगू शकते. शक्य तर संग्राहकाकडची मूळ ७८ ची (मिनिटाला ७८ फेरे घेणारी) तबकडी मिळवा आणि तिच्यावरून स्वतः उतरवून घ्या.

अभंगाच्या बाबतीत सगळे फसतात. तुकोबांचे शब्द साऱ्या जगाचे. पण श्रीनिवास खळ्यांनी बांधलेली चाल खळ्यांची. ते २०११ मध्ये गेले, मुदत २०७१ अखेरपर्यंत. "पारंपरिक आहे हो" म्हणत खळ्यांची चाल बिनदिक्कत वापरलेली आढळते. वारीत म्हटली जाणारी साधी चाल वापरा, तिला मालक नाही.

खमंग

पण मग कव्हर करून, म्हणजे तेच गाणं नव्याने गाऊन घेतलं तर? कलम ३१-सी मध्ये पाच वर्षांनंतर कुणालाही कव्हर करता येतं ना?

मुखत्यार

येतं, पण ते ध्वनिमुद्रिका काढण्यापुरतं. आधी नोटीस द्यायची, रॉयल्टी आगाऊ भरायची आणि वर्षाला किमान ५०,००० प्रतींची धरून भरायची, असा तो सौदा आहे. दृश्याला गाणं जोडण्याचा हक्क त्यातून मिळत नाही. चित्रपटासाठी शब्द आणि चालीच्या मालकाची परवानगी वेगळीच घ्यावी लागते. कव्हरचा खरा फायदा असा की मूळ ध्वनिमुद्रणाचे पैसे वाचतात आणि हवी ती पट्टी, हवी ती लय मिळते. 'कट्यार काळजात घुसली' (२०१५) मध्ये मूळ नाटकातल्या अभिषेकीबुवांच्या चाली नव्याने गाऊन घेतल्या. तिथे पडद्यावरच्या गायकाला तो आवाज शोभायला हवा होता, जुनी रेकॉर्ड चाललीच नसती.

२०१२ च्या दिल्ली उच्च न्यायालयाच्या निकालाचा (इंडिया टीव्ही विरुद्ध यशराज) दाखला कुणी देईल, म्हणून आधीच सांगतो. तिथे एका जाहिरातीत गाण्यातले मोजके शब्द आले होते आणि न्यायालयाने ते क्षुल्लक मानून सोडलं. हा कोर्टात उभं राहिल्यावरचा बचाव झाला. त्याच्या जोरावर कुठलाही वितरक किंवा ओटीटी तुमचा चित्रपट घेणार नाही. ते कागद मागतात.

आणि कागद नसले की काय होतं याचं घरचं उदाहरण: 'ढगाला लागली कळ'. दादा कोंडक्यांच्या चित्रपटातलं हे गाणं 'ड्रीम गर्ल'साठी (२०१९) नव्याने केलं. सारेगामा दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि प्रदर्शनाच्या ऐन तोंडावर गाणं वापरायला मनाई झाली. मोठ्या बॅनरची ही गत, तर वर्गणी काढून सिनेमा करणाऱ्यांनी काय ते समजावं.

रिळवाला

पैशांबद्दल व्यनि (व्यक्तिगत निरोप) येताहेत. दरपत्रक असं छापलेलं मिळत नाही. किंमत ठरते ती गाणं किती गाजलेलं, किती सेकंद, कशासाठी, कुठे-कुठे आणि किती काळासाठी यावर. पहिल्याच मेलमध्ये पुढची माहिती नाही दिली तर उलट प्रश्नांतच आठवडे जातात:

चित्रपटाचं नाव, भाषा, एकूण बजेट. प्रसंगाचं दोन ओळींत वर्णन (दारू, हिंसा, राजकारण, धर्म असेल तर लपवू नका, नंतर कळलं की परवानगी मागे घेतात). कुठल्या मिनिटापासून कुठल्या मिनिटापर्यंत, एकूण सेकंद. मूळ मुद्रण की नव्याने गायलेलं. दृश्यात वाजतंय, पात्र गातंय, पार्श्वभूमीला आहे की श्रेयनामावलीवर आहे. चित्रपटगृहं, टीव्ही, ओटीटी, विमानातलं प्रदर्शन, महोत्सव. भारत की जग. किती वर्षं की कायमचं. ट्रेलरमध्ये वापरणार का. डब केलेल्या आवृत्त्यांत राहणार का. गाणं कापण्याची, कडवी पुढेमागे करण्याची मुभा हवी का.

ट्रेलर आणि साउंडट्रॅक अल्बम यांचे हक्क चित्रपटाच्या हक्कात आपोआप येत नाहीत. 'ईझी रायडर'मध्ये (१९६९) द बँडचं 'द वेट' पडद्यावर मूळ रेकॉर्डमधून वाजतं, पण अल्बमवर दुसऱ्याच गटाने गायलेलं आहे. कारण अल्बमसाठी मूळ रेकॉर्डची परवानगी मिळाली नाही.

बजेट तुटपुंजं असेल तर आधी फक्त महोत्सवांपुरती, वर्ष-दोन वर्षांची परवानगी मागा. पण त्याच करारात "पुढे चित्रपटगृहं आणि ओटीटी घेतल्यास अमुक रक्कम" असं आत्ताच लिहून घ्या. हे राहिलं आणि चित्रपट गाजला की समोरचा मागेल तो भाव. चार्ल्स बर्नेटचा 'किलर ऑफ शीप' १९७८ चा. त्यातल्या गाण्यांचे हक्कच घेतलेले नव्हते, म्हणून तो रीतसर प्रदर्शित व्हायला २००७ उजाडलं आणि गाण्यांपायी सुमारे दीड लाख डॉलर मोजावे लागले. मूळ चित्रपट त्याच्या कैक पटींनी स्वस्तात झाला होता.

शब्द-चालीचा मालक आणि ध्वनिमुद्रणाचा मालक वेगळे असतील तर "दोघांना सारखीच रक्कम" हे कलम टाकायला दोघेही लावतात. म्हणून एकाशी घासाघीस करताना आकडा दुप्पट धरूनच बोला.

खरखर

हक्कांचं झालं. आता कान.

एक. फाइल. कंपनीकडून ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटची डब्ल्यूएव्ही मागा. सीडीवरून घेतलीत तर ती ४४.१ असते. ती ४८ च्या प्रोजेक्टमध्ये रूपांतर न करता ओढली की ८.८ टक्के जलद वाजते, म्हणजे काळी एकचं गाणं पांढरी दोन आणि काळी दोनच्या मधल्या सापटीत जाऊन बसतं. टीव्हीवरून किंवा जुन्या व्हिडिओ कॅसेटवरून उतरवलेल्या गाण्यात दुसरी भानगड. २४ फ्रेमचा चित्रपट २५ फ्रेमने प्रक्षेपित झालेला असतो, त्यामुळे ते चार टक्क्यांहून थोडं अधिक जलद असतं, लागून असलेल्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराच्या पाऊणपटीच्या आसपास चढं. प्रेक्षकाला नेमकं काय चुकलंय ते सांगता येत नाही, पण "लताबाईंचा आवाज वेगळाच वाटला" हे तो नक्की म्हणतो. यूट्यूबवरून काढलेली फाइल कच्च्या एडिटपुरती ठीक. थिएटरच्या स्पीकरवर तिचे टाळ आणि झांजा पाण्यातून आल्यासारख्या वाजतात.

दोन. खरखर. (नाव सार्थ करतो.) ७८ च्या तबकडीवरचा 'सूं' आवाज पार काढायचा हट्ट धरू नका. टिकटिक तेवढी काढा. सरसकट नॉइज रिडक्शन चढवलं की 'स', 'श' बोबडे होतात, तानपुरा खोलीतून उठून गेल्यासारखा वाटतो आणि गाणं मेणाचं होतं.

तीन. रेडिओवर वाजणारं गाणं. बहुतेक जण ३०० ते ३५०० हर्ट्झच्या बाहेरचं सगळं कापतात आणि "झाला रेडिओ" म्हणतात. त्यात रेडिओ येतो, पण ती जागा येत नाही. ध्वनिसंकल्पक वॉल्टर मर्चने 'अमेरिकन ग्रॅफिटी'साठी (१९७३) वापरलेली पद्धत आजही सगळ्यात चांगली: गाणं खऱ्या स्पीकरवर, खऱ्या जागेत वाजवायचं आणि पुन्हा मुद्रित करायचं. त्याने आणि दिग्दर्शक जॉर्ज लुकसने मोकळ्या जागेत एकाने स्पीकर, दुसऱ्याने माइक हलवत ते केलं आणि मिक्सिंगला मूळ गाणं आणि ही मुद्रणं कमीजास्त केली.

आपल्याकडे करायचं तर असं. टपरीचा प्रसंग असेल तर जुना ट्रान्झिस्टर किंवा चार इंची स्पीकर पत्र्याच्या शेडमध्ये ठेवा. एक माइक अर्ध्या मीटरवर, दुसरा तीन मीटरवर. दोन्ही वेगवेगळ्या ट्रॅकवर. प्रोजेक्टमध्ये मूळ, जवळचं, लांबचं असे तीन थर लावा. तीन मीटरला आवाज सुमारे ९ मिलिसेकंद उशिरा पोचतो, म्हणून थर एकमेकांवर आणताना तेवढं सरकवून घ्या, नाहीतर फेज (ध्वनिलहरींचा मेळ) बिघडतो आणि गाणं नळकांड्यातून आल्यासारखं ऐकू येतं. कॅमेरा टपरीजवळ असताना जवळचा थर, रस्त्यापलीकडे गेला की लांबचा.

लग्नाच्या किंवा जत्रेच्या भोंग्यासाठी हे खोलीत जमणार नाही. शंभर मीटरवरच्या भोंग्याचा आवाज ०.३ सेकंद मागे असतो. दोन भोंगे लावलेत तर ते एकमेकांशी भांडत वाजतात, आणि ते भांडण ऐकू आलं की लगेच गावाकडचं वाटायला लागतं.

तिसरी घंटा

@खरखर, रेडिओवरचं गाणं हळूहळू मोठं होऊन अख्ख्या प्रसंगाचं पार्श्वसंगीत होतं, तो सांधा कसा लावता?

खरखर

शब्दाच्या मधोमध कधीच नाही. मुखडा संपून व्हायोलिनचा तुकडा सुरू होतो तिथे. तीन-चार सेकंदांत आधी वरचे स्वर उघडायचे, मग खालचे, आणि सगळ्यात शेवटी रुंदी वाढवायची. रुंदी आधी वाढवली की प्रेक्षक दचकतो. जुनं गाणं मोनो असतं. ते नुसतं मधल्या स्पीकरमध्ये टाकू नका, तिथे संवाद असतात. डाव्या-उजव्यात सारखं वाटा आणि थोडा रिव्हर्ब (घुमारा) मागच्या स्पीकरमध्ये सोडा. कृत्रिम स्टिरिओ करणारे प्लगिन चित्रपटगृहात उघडे पडतात.

संवादाबद्दल एकच सांगतो: गायलेल्या शब्दांवर बोललेले शब्द टाकू नका. कान दोन्हींतलं एकच ऐकतो आणि बहुतेकदा ओळखीचं गाणंच ऐकतो. संवाद म्युझिक पीसवर (नुसत्या वाद्यांच्या तुकड्यावर) आणा. पीस पुरत नसेल तर तो दोनदा वापरा, पण कराराने कापाकापीची मुभा दिली असेल तरच. तरीही अडलं तर गाण्यात १ ते ४ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात तीनेक डेसिबल खाली या. अख्खं गाणं खाली दाबण्यापेक्षा हे बरं.

आणि सेटवर संवाद घेताना गाणं प्रत्यक्ष वाजवत ठेवू नका! एकदा संवादात मिसळलं की एडिट करताना प्रत्येक कटला गाणं उडी मारतं, आणि हक्क नाही मिळाले तर सगळे संवाद पुन्हा डब करावे लागतात. सुरुवातीचे दहा सेकंद लय कळण्यापुरतं वाजवा, मग बंद. नाचायचं असेल तर कानात छोटा रिसीव्हर.

आकाशवेडी

माझा मुद्दा काळाचा. गाण्याचं साल सगळे तपासतात, ते कशावर वाजतंय ते तपासत नाहीत.

१९५४ चं घर, भिंतीवर कॅलेंडर बरोबर, नऊवारी बरोबर, आणि आकाशवाणीवर झोकात चित्रपटगीत! १९५२ मध्ये केसकर माहिती आणि नभोवाणी मंत्री झाल्यावर आकाशवाणीवरून चित्रपटगीतं जवळपास हद्दपार झाली होती. लोक रेडिओ सिलोन लावायचे. बिनाका गीतमाला तिथे १९५२ पासून, बुधवारी रात्री आठला. विविध भारती आली ३ ऑक्टोबर १९५७ ला. म्हणजे १९५४ चा प्रसंग असेल तर गाणं शॉर्टवेव्हवरून यायला हवं: मधेच बुडणारं, वर येणारं, शेजारच्या स्टेशनची कुजबुज मिसळलेलं. शिवाय व्हॉल्व्हचा रेडिओ बटण फिरवल्याबरोबर बोलत नाही. आधी दिवा लागतो, मग तो तापेपर्यंत थांबावं लागतं, मग आवाज हळूहळू वर येतो. दिग्दर्शकाला ते सेकंद फुकटचे मिळालेत, पात्राला खुर्चीवर नीट बसू द्या.

तसंच १९६८ च्या हॉटेलात कॅसेट नको. कॅसेट आपल्याकडे घरोघरी पोचली ती सत्तरीच्या अखेरीस आणि ऐंशीच्या दशकात. 'द लंचबॉक्स'मध्ये (२०१३) वरच्या मजल्यावरच्या काकू 'साजन'ची कॅसेट लावतात, तिथे कॅसेट हे माध्यमच त्या बाईंविषयी काहीतरी सांगतं. तेच गाणं मोबाइलवर वाजलं असतं तर निम्मा अर्थ गेला असता.

खमंग

या सगळ्यात एक तक्रार: हल्ली गाजलेलं गाणं म्हणजे दिग्दर्शकाने आळसाने मारलेला शिक्का झालाय. पात्र दुःखी, लावा जुनं दुःखी गाणं. पैसे खर्चून जे दिसतंय तेच पुन्हा ऐकवायचं कशाला? आणि दर वेळी मुखडाच का? ओळखीचं गाणं दोन सेकंदांत कळतं. दुसऱ्या अंतऱ्यापासून सुरू करा, प्रेक्षक मुखड्याची वाट बघत बसेल, आणि तो येण्याआधी प्रसंग तोडा.

रिळवाला

+१. फक्त कंपनी पैसे मुखड्याचे लावते आणि अंतऱ्याचेही तेवढेच लावते. :)

जर्सी-नागपूर

इथे अमेरिकेत मराठी चित्रपटांचे खेळ मंडळांतर्फे होतात, म्हणून मुखत्यारांच्या हिशोबाला एक पुरवणी. भारतात मोकळं झालेलं ध्वनिमुद्रण इथे मोकळं असेलच असं नाही. १९७२ च्या आधीच्या रेकॉर्डिंगना २०१८ च्या कायद्याने लांब मुदत दिली आहे, १९५७ पासूनच्यांना २०६७ पर्यंत. शब्द-चालींना युरोपातल्या बहुतेक देशांत कर्त्याच्या मृत्यूनंतर ७० वर्षं. त्यामुळे "६० वर्षं झाली" एवढ्यावर जगभराच्या ओटीटीला चित्रपट देता येत नाही. करारात प्रदेश 'जग' असेल तर सगळ्यात लांब मुदत धरा.

मुखत्यार

बरोबर. म्हणूनच मी तबकडी म्हणताना १९३० च्या दशकातल्या नाट्यपदांचं उदाहरण भारतापुरतं दिलं. परदेशी विक्री असेल तर तीच पदं आजच्या गायकाकडून गाऊन घ्या. शब्द आणि चाल दोन्ही मोकळी, ध्वनिमुद्रण तुमचं स्वतःचं. गायक-वादकांशी लेखी करार मात्र करा.

खमंग

ट्रेलर यूट्यूबवर टाकला की परवानगी असूनही दावा येतो, त्याचं काय?

रिळवाला

येणारच, कारण गाणी ओळखणारं यूट्यूबचं यंत्र तुमचा करार वाचत नाही. ट्रेलर चढवायच्या आधी कंपनीला चॅनेलचा आयडी कळवून तो सूटयादीत घालून घ्या, आणि हे करारातच लिहा. चढवल्यावर व्हिडिओचा दुवा त्याच दिवशी पाठवा. वितरकाचं, संगीत कंपनीचं आणि नटाचं चॅनेल अशा तीन ठिकाणी ट्रेलर जाणार असेल तर तिन्हींचे आयडी द्या. नेमकं नटाचं राहतं आणि पहिल्या दिवसाचे सगळे व्ह्यूज तिथेच असतात.

आणखी एक, क्यूशीट, म्हणजे चित्रपटातल्या सगळ्या गाण्यांचा तक्ता. प्रत्येक गाण्याचं नाव, कवी, संगीतकार, गायक, हक्कधारक, चित्रपटातली सुरुवात-शेवटची वेळ, एकूण सेकंद आणि वापराचा प्रकार. फायनल मिक्स झाल्यावर, लॉक झालेल्या रिळांवरूनच बनवा. २०१२ च्या दुरुस्तीनंतर चित्रपटगृहाबाहेरच्या वापरातला कवी-संगीतकारांचा रॉयल्टीचा वाटा कुणालाही कराराने काढून घेता येत नाही, आणि तो आयपीआरएसकडून (कवी-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेकडून) त्यांना मिळायचा तर याच कागदाचा आधार. कोरा नमुना हवा असेल त्यांनी व्यनि करा, उद्या संध्याकाळपर्यंत पाठवतो.